एकच किल्ली

ऑर्विलचं नाव पुकारायला अजून तीन माणसं बाकी होती, तेव्हा माझ्या खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला.

टेबलाखाली धरून पाहिलं. बेव्हचा निरोप होता. 'लोइसला पलंग हवाय. आजच. किल्ली घेऊन या.'

किल्ली माझ्यापासून हातभर अंतरावर होती. शेजारच्या खुर्चीवर ऑर्विल हाउगेन कोंबडीचा तुकडा कापत होता आणि प्रत्येक कापाबरोबर त्याच्या कमरेचं किल्ल्यांचं कडं खुर्चीच्या लोखंडाला लागून किणकिणत होतं. वय शहात्तर. सगळी हयात लोकांच्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेलेली. आज जिल्ह्याचं सेवेचं बक्षीस घ्यायचं म्हणून टाय लावला होता. टाय नवीन होता, पण कडं नेहमीचं. त्याच्याकडे मोबाइल नव्हता. ज्याला त्याची गरज असेल तो त्याला शोधून काढतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि अकरा वर्षं ते खरंही ठरलं होतं.

"कोण सारखं?" त्यानं विचारलं.

"पेपरचं काम," मी म्हटलं. गावच्या साप्ताहिकाचा मी संपादक, वार्ताहर आणि झाडूवाला असल्यामुळे हे कारण कुठेही चालतं.

मी व्हरांड्यात येऊन बेव्हला फोन लावला.

बेव्ह म्हणजे आमच्या गावची बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिच्या आवाजाला शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय आहे. "लायल, लोइसच्या वेंडेलला घरी सोडतायत. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून आता काही उपयोग नाही, न्यायचं तर न्या. दोन-चार दिवस आहेत म्हणाले. पण घरी पलंग लागलाय असा फोन गेल्याशिवाय नर्स त्याला हलवू देणार नाही. आणि रुग्णांना घरी सोडणारी शेवटची गाडी तीनला. ती गेली की थेट सोमवार."

"भाड्याचा पलंग?"

"त्यांचा ट्रकही सोमवारी. सगळं जग सोमवारी उजाडणारे, लायल."

"मग पलंगांच्या शेडचं दार फोड ना."

"अर्धा तास तेच करतेय. वेंडेलच्याच घरची पहार आणलीय. पण हे दार कुणी केलंय, आठवतंय का?"

आठवत होतं. चार वर्षांपूर्वी कुणीतरी एक व्हीलचेअर चोरली, तेव्हा वेंडेलनं स्वतः पोलादी पत्रा वेल्ड करून ते दार बसवलं होतं. वेंडेलचं काम. ते पहारीला दाद देणार नव्हतं.

तेवढ्यात मागून लोइसचा बारीक आवाज आला. "बेव्ह, ऑर्विलला आत्ताच सांगू नका म्हणावं. जेवू दे त्याला. त्याचा दिवस आहे आजचा. बक्षीस झालं की मग सांगा."

आमच्याकडे माणूस बुडत असला तरी काठावरच्याला आधी विचारतो, तुम्हाला आत्ता सवड आहे ना. कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा गप्प राहिलं की ते हो समजायचं. लोइस क्रूगर या शिस्तीत एकाहत्तर वर्षं जगली होती. नवरा मरायला टेकला म्हणून ती काही एकदम उद्धट होणार नव्हती.

मी घड्याळ पाहिलं. बारा पस्तीस. आमचं गाव इथून चाळीस मैल. पाऊण तास रस्ता, अर्धा तास पलंग जोडायला. पावणेदोनला निघालो तरी जमत होतं. ऑर्विलचा क्रमांक एक वाजता होता.

"होईल," मी बेव्हला म्हटलं.

आता एवढ्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. मी त्याच वेळी आत जाऊन ऑर्विलच्या कानात सांगू शकलो असतो. पिकअप त्याची होती, पण तिची आणि शेडची, दोन्ही किल्ल्या मागून एकटाही निघू शकलो असतो. तसं केलं नाही, कारण लोइस तसं म्हणाली होती. हे कारण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ऑर्विलच्या कोटाच्या खिशात दोन पानांचं भाषण होतं आणि ते मी लिहिलेलं होतं. चांगलं उतरलं होतं. मला ते ऐकायचं होतं.

मी परत जाऊन जेवायला बसलो.

*

ऑर्विल जी संस्था चालवत असे तिला एक लांबलचक नोंदणीकृत नाव होतं, पण गावात सगळे तिला 'आयरीनची खोली' म्हणत. चर्चच्या मागे जुनी टायरची शेड होती, तीत. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या आणि खालीवर होणारे चार पलंग. ज्याला लागेल त्यानं न्यायचं, काम झालं की परत करायचं. काम झालं म्हणजे काय, ते कुणी बोलून दाखवत नसे.

आयरीन त्याची बायको. तिचा कॅन्सर हाडांत पसरला होता, आडवं होता येत नव्हतं. ऑर्विलनं भाड्याचा पलंग मागवला. तो आला तीन दिवस उशिरा, आणि आयरीन तोवर आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. ट्रकवाल्यानं दारात उभं राहून सही मागितली. ऑर्विलनं सही केली. मग पलंग विकत घेतला, आणि खोली सुरू झाली.

त्यानं लोकांसाठी काय केलं, ते मी पेपरात पुष्कळदा छापलं आहे. उणे तीस थंडीत तो एका बाईसाठी कमोडची खुर्ची घेऊन गेला, तिच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून पाय समतल केले, आणि स्वतः हातमोजे काढून बैठक तपासली, थंड तर लागत नाही ना म्हणून. हे खरं आहे. मी तिथे होतो.

पेपरात जे छापलं नाही तेही खरं आहे. वस्तू पोचवल्यावर ऑर्विल लगेच निघत नसे. चाकं तपासायचा. मग पुन्हा तपासायचा. घरातलं कुणीतरी येऊन आभार मानेपर्यंत त्या चाकांत काहीतरी बिघाड असे. आभार मानले की चाकं सुधारत. नंतर कार्ड येई. कार्डं तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचणीनं लावे, ओळीनं: पलंगांची एक ओळ, व्हीलचेअरची एक, वॉकरची एक. कुबड्यांना त्यानं फ्रिजची बाजू दिली होती. कुबडीवाले बरे होतात, आणि बरी झालेली माणसं कार्डं कमी पाठवतात.

आणि किल्ली एकच. संस्थेचे आम्ही तीन पदाधिकारी: ऑर्विल अध्यक्ष, मी चिटणीस, बेव्ह खजिनदार. दर वसंतात बेव्ह ठराव मांडायची, की दुसरी किल्ली करावी.

"मी आहे ना," ऑर्विल म्हणायचा.

"तू आहेस. पण नसलास तर?"

"मी कुठे जातोय?"

"ऑर्विल, किल्ली तुझ्या कमरेला आहे की तू किल्लीच्या कमरेला आहेस?"

तो हसायचा. मग गंभीरपणे सांगायचा, की उद्या कुणीही दार उघडेल, कुणीही काहीही नेईल, पलंगाचं हँडल कसं फिरवायचं ते कुणाला माहीत आहे? वेंडेलला माहीत होतं, कारण ते हँडल वेंडेलनंच दोनदा दुरुस्त केलं होतं. पण वेंडेल पदाधिकारी नव्हता. ठराव एकाविरुद्ध एक असा अडकायचा. मी तटस्थ. संपादकानं तटस्थ राहावं असं मला तेव्हा वाटे.

*

एक वाजता जिल्ह्याचे एक अधिकारी बोलायला उठले. त्यांनी निःस्वार्थ सेवेचा इतिहास सुरुवातीपासून घेतला. दीडला ते आमच्या शतकात पोचले. मग दोन बायका उठल्या, ज्यांनी अनाथ मांजरांना घरं मिळवून दिली होती, आणि पडद्यावर मांजरं दाखवण्यात आली. खूप मांजरं होती.

फोन थरथरतच होता. मी तो उलटा ठेवला.

एक बावन्नला ऑर्विलचं नाव पुकारलं. सगळे उभे राहिले. त्यानं बक्षिसाची लाकडी फळी छातीशी धरली, फोटो झाला. खिशातून माझी दोन पानं काढली, पहिलं वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि पानं घडी करून परत ठेवली.

"हे छान लिहिलंय," तो म्हणाला, "पण मी आपलं साधं सांगतो."

आणि त्यानं आयरीनचं सांगितलं. आरामखुर्ची. तिला झोप लागायची ती मान लटकवून, म्हणून त्यानं टॉवेल गुंडाळून मानेखाली कसा दिला ते. तीन दिवस दर तासाला रस्त्याकडे कसं बघितलं ते. ट्रकवाला, सही. इतकं चांगलं मला लिहिता आलं नसतं. सभागृहात कुणी काटा-चमचा वाजवत नव्हतं.

"त्या दिवशी मी ठरवलं," ऑर्विल म्हणाला, "आपल्या गावात यापुढे कुणाचाही पलंग उशिरा येणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सोळा मिनिटं झाली होती. इस्पितळ त्या सभागृहापासून चार चौक लांब होतं. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर वेंडेल क्रूगर विजार-शर्ट घालून तयार बसला होता, असं नर्सनं नंतर सांगितलं. बूटसुद्धा घालून मागितले होते त्यानं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना एकट्यानं न वाजवणं बरं दिसत नाही.

*

गाडीतळावर मी त्याला सांगितलं. ऑर्विलनं फळी सीटवर टाकली आणि पिकअप सुरू केली.

"तुला कधी कळलं?"

"आत्ताच. तू खाली उतरलास तेव्हा."

त्यानं मान डोलावली. माझ्यावर विश्वास न ठेवायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता, साखरेच्या बीटचा हंगाम ऐन भरात. रस्त्यावर बीटचे ट्रक एकामागे एक, रांग लावून कारखान्याकडे चाललेले, मातीचा चिखल मागे टाकत. पुढे जायला जागा नाही, समोरून रिकामे ट्रक परत येताहेत. वेंडेलनं तीस हंगाम हेच ट्रक हाकले होते. त्याचं घर याच रस्त्यावर, आणि घरी जाण्याचं त्याचं कारणही हेच. त्यानं लोइसला सांगितलं होतं, मला देवबिव काही नको, पुढच्या खोलीत खिडकीशी टाक, मी ट्रक मोजत पडेन.

आम्ही त्याच्या ट्रकांच्या मागे ताशी तीस मैलांनी सरकत होतो.

"चल रे बाबा, चल रे," ऑर्विल पुढच्या ट्रकला म्हणत होता. त्याचा डावा हात सारखा कमरेकडे जात होता, किल्ली आहे ना ते बघायला.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी त्यानं शेडचं दार उघडलं. बेव्ह बाजूला उभी होती. दाराच्या कडेला पहारीचे ओरखडे होते, बाकी काही नाही. तिनं ऑर्विलच्या टायकडे पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली.

तेवढंच. बेव्ह ओरडली असती तर बरं झालं असतं.

पलंग आम्ही तरीही नेला. ऑर्विलला दुसरं काही करता येत नव्हतं. लोइसनं पुढच्या खोलीतलं सगळं सामान हलवून खिडकीशी जागा करून ठेवली होती. ओव्हनमध्ये आमच्यासाठी खिमा-बटाट्याचा हॉटडिश होता. पावणेचारला तिनं इस्पितळात फोन केला. आम्ही तिघं पलंगाभोवती उभे होतो.

"हो का," लोइस फोनवर म्हणत होती. "नाही, नाही, समजू शकते मी. गाडीवाल्यालाही घरी जेवायला जायचंच असेल ना. सोमवारी नऊ. हो. तुम्ही इतकं केलंत, खूप उपकार." फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. "सोमवारी नऊला. दोन दिवसांचा तर प्रश्न. बसा, जेवून घ्या."

ऑर्विल वाकला आणि पलंगाची चाकं तपासू लागला. चाकं ठीक होती. तो तपासत राहिला. लोइसला वाटलं, तो वाट पाहतोय. ती जवळ गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऑर्विल, तू होतास म्हणून. थँक यू."

त्यानं वर पाहिलं नाही. मी इतकी वर्षं त्याला ते शब्द घेताना पाहत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ते घेता आले नाहीत.

वेंडेल रविवारी दुपारी गेला. इस्पितळातच, लोइस शेजारी असताना. त्याच्या खोलीच्या खिडकीतून इस्पितळाचा गाडीतळ दिसत होता.

*

अंत्यविधी झाल्यावर, पुढच्या सोमवारी, ऑर्विल पलंग आणायला निघाला. हा त्याचा रिवाज होता. परत आणायलाही तो स्वतः जाई, सोबत लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन, आणि पलंग उचलायच्या आधी अर्धा तास बसे. मी हात लावायला म्हणून बरोबर गेलो.

रस्त्यात मी बोललो. "ऑर्विल, मी खोटं सांगितलं. मला साडेबाराला कळलं होतं."

पिकअपचा वेग कमी झाला नाही, वाढलाही नाही.

"लोइस म्हणाली होती, तुला जेवू द्या..."

"लोइस तसंच म्हणणार," तो म्हणाला. "लायल, मी दहा दिवस विचार करतोय. तेव्हा तू मला सांगितलं असतंस. तर मी उठलो असतो?"

"उठला असतास."

"तुला काय माहीत?"

मला माहीत नव्हतं.

"मलाही माहीत नाही," ऑर्विल म्हणाला. "आयरीनची शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नाही. बहुतेक म्हणालो असतो, दहाच मिनिटं थांब. बहुतेक तेच."

लोइसच्या पुढच्या खोलीत पलंग खिडकीशी तसाच होता. धुतलेली चादर, उशी, पायाशी घडी केलेली रजई. कुणीही झोपलेलं नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटी वही आणि पेन्सिल होती. मी वही उघडली, ही माझी धंद्याची वाईट खोड. आत शुक्रवार लिहून त्यापुढे पाच-पाचच्या गठ्ठ्यांत रेघा होत्या. शनिवार, पुष्कळ रेघा, पानभर. रविवारच्या पुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या रेघा.

"रोज फोनवर त्याला आकडा सांगायचे," लोइस कॉफी ओतत म्हणाली. "शुक्रवारपेक्षा शनिवारचा जास्त आला तेव्हा केवढा खूश झाला. म्हणाला, सोमवारी मी स्वतः तपासतो, तू नक्की दोन-चार गाळलेयत."

बाहेरून एक ट्रक गेला. कपबश्या वाजल्या. कुणी रेघ मारली नाही.

"पलंग राहू दे इथे," ऑर्विल एकदम म्हणाला. "हंगाम संपला की नेतो."

"नको रे, दुसऱ्या कुणाला लागेल."

"तीन आहेत अजून. राहू दे."

"छे, उगीच जागा अडवून..."

"लोइस, राहू दे."

ती गप्प राहिली. कॉफीत साखर नव्हती तरी ढवळत राहिली.

निघताना मी दाराशी बूट घालत होतो. मागे वळून पाहिलं, तर ऑर्विल खिडकीशी उभा होता. त्यानं कमरेचं कडं उघडलं, शेडची किल्ली काढली आणि वहीच्या शेजारी ठेवली. लोइस आत डबा धुऊन परत द्यायच्या गडबडीत होती.

पिकअपमध्ये बसल्यावर त्यानं सांगितलं, "तिच्याकडे असू दे. रस्त्यावर घर आहे, कायम घरात असते. कुणाला काही लागलं तर देईल."

"तिला सांगितलंस?"

"कळेल की तिला."

पुढचे तीन दिवस ऑर्विल किल्लीवाचून हिंडला. हात कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. बेव्हला मी सांगितलं, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. "अकरा वसंत ठराव मांडला," ती म्हणाली. "शेवटी कुणीच न मांडता मंजूर झाला."

गुरुवारी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभा होता. ओठांत टाचणी, एका हातात कार्ड. टेबलावर टपालाचं जाड पाकीट फाडलेलं आणि त्यातून निघालेली किल्ली, कागदी रुमालात नीट गुंडाळून आलेली.

त्यानं कार्ड माझ्यापुढे धरलं. पुढे दोन पाखरं होती. आत लोइसचं सरळ, शाळेत शिकवल्यासारखं अक्षर.

'प्रिय ऑर्विल, पलंगाबद्दल वेंडेलच्या आणि माझ्या वतीनं मनापासून आभार. तू धावून आलास हे आम्ही विसरणार नाही. तुझी किल्ली आमच्याकडे राहिली होती. तू शोधत असशील, म्हणून लगेच पाठवतेय.'

मी ते दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"कुठे लावू?" टाचणी ओठांत धरूनच त्यानं विचारलं. "पलंगांत?"

"पलंगांत," मी म्हटलं.

त्यानं ओळीच्या शेवटी जागा केली, कार्ड लावलं, तिरकं झालं म्हणून सरळ केलं. मग टेबलावरची किल्ली उचलून कमरेच्या कड्यात अडकवली, आणि पक्की बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.